कोरड्या जिल्ह्याला वळसा

नागपूरहून अमरावतीला यायचा रस्ता सरळ आहे आणि चांगला आहे. आम्ही मात्र काटोल, जलालखेडा, वरूड, मोर्शी असा लांबचा फेरा घालून आलो, कारण गाडीत वाइनच्या दोन बाटल्या होत्या आणि सरळ रस्ता वर्धा जिल्ह्यातून जातो. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. रेल्वेनं यावं म्हटलं तरी तोच जिल्हा आडवा येतो. बहुतेक लोक ही अडचण डिकीत बाटली ठेवून आणि तिच्यावर बॅगा रचून सोडवतात. आमच्या सरांना ते मंजूर नव्हतं. बंद बाटली घेऊन नुसतं जिल्ह्यातून जायला हरकत आहे का, हे त्यांनी आधी चार ठिकाणी विचारलं होतं. दोघांनी चालतं म्हटलं, दोघांनी चालत नाही म्हटलं. सरांनी निष्कर्ष काढला की ज्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत, त्या प्रश्नाच्या वाटेला जाऊ नये. म्हणून काटोल.

सर म्हणजे अमरावतीच्या एका महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. मी तिथेच ग्रंथपाल होतो, त्यामुळे त्यांची कीर्ती मला जवळून माहीत आहे. त्यांनी कधी कुणाला कृपागुण दिले नाहीत. संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या एका गुणानं राहत होता तेव्हाही दिला नाही. अध्यक्षांनी बोलावून घेतलं तर हे उत्तरपत्रिका घेऊनच गेले आणि तो एक गुण कुठे आहे ते दाखवा म्हणाले. अध्यक्षांना तो सापडला नाही.

त्यांची एकुलती लेक औषधनिर्माणशास्त्र शिकली, पुण्याला चांगल्या नोकरीला लागली, आणि मग एक दिवस ती नोकरी सोडून वाइन करायला शिकण्यासाठी पोर्तुगालला गेली. नातेवाइकांनी या घटनेचं एका वाक्यात सार काढलं: पोट्टी दारू गाळायले गेली. सरांनी फोनवर लेकीला एवढंच सांगितलं, "मले त्यातलं समजत नाही." तिनं त्याचा अर्थ नापसंती असा घेतला. जगातल्या कुठल्याही बापानं हे वाक्य म्हटलं तर त्याचा तोच अर्थ होतो. सरांच्या तोंडी मात्र ते केवळ विधान होतं. त्यांना त्यातलं समजत नव्हतं. आणि एखादी गोष्ट समजत नसली तर शिकायची, हा त्यांचा जन्माचा धंदा.

ते माझ्याकडे आले आणि द्राक्ष, किण्व, पिंपं यांच्यावर जे मिळेल ते पुस्तक मागितलं. मीही निवृत्तच होतो, पण ग्रंथपालाला निवृत्ती मानवत नाही. जी मिळाली ती आणून दिली. सहा महिन्यांनी ते म्हणाले की वाचून भागत नाही, चाखावं लागेल. त्या दिवसापर्यंत या माणसानं खोकल्याच्या औषधापलीकडे अल्कोहोल तोंडात घातलेलं नव्हतं. चाखण्याआधी त्यांनी दारू पिण्याचा रीतसर परवाना काढला आणि मलाही काढायला लावला. हा परवाना आरोग्य टिकवण्यासाठी दिला जातो असं कागदावर असतं. सरांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.

अशा रीतीनं आमचं मंडळ जमलं. सर, मी, अकोटचे जिनिंगवाले भाऊ आणि अकोल्याचे एक डॉक्टर. भाऊ आले ते सरांचे जुने विद्यार्थी म्हणून. डॉक्टर आले ते डॉक्टर असल्यामुळे. वऱ्हाडात असं काही सुरू होतं आहे आणि त्यात ते नाहीत, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांच्याकडे काचेच्या दाराचा खास वाइनचा फ्रिज आहे, म्हणून बैठका तिथेच होतात. वीज गेली की घरातले पंखे बंद होतात आणि इन्व्हर्टरवर तो फ्रिज चालतो. ते पेला देठाला धरतात, उजेडात तिरका करतात, नाक आत घालतात आणि बराच वेळ बाहेर काढत नाहीत. पहिल्या बैठकीत त्यांनी असंच नाक बाहेर काढून जाहीर केलं की हिच्यात देवदार आहे, आणि मागून येणारी काळी करवंदं आहेत, म्हणजे आपली नाहीत, युरोपातली.

सरांनी शांतपणे विचारलं, "डॉक्टर, तुमी देवदार कधी खाल्ला?"

त्यातून मंडळाचा एकमेव नियम तयार झाला. जी चव आपल्या तोंडात आधी कधी आली आहे, तिचंच नाव घ्यायचं. पुस्तकातली चव चालणार नाही. हा नियम ऐकायला सोपा आहे. पहिले दोन महिने डॉक्टर जवळजवळ मुके होते. भाऊ मात्र सुटले. त्यांनी एका वाइनला 'पाण्यात भिजवलेली चिंच, पण चिंचोक्यासकट' म्हटलं, दुसरीला 'तव्यावर जरा जास्त राहिलेली भाकर'. एकदा एका महागड्या बाटलीला ते 'ओलं बारदान' म्हणाले. डॉक्टरांनी ती बाटली स्वतः आणली होती. त्यांनी पुन्हा वास घेतला आणि थोड्या वेळानं मान हलवली. ओलं बारदानच होतं. मी आयुष्यभर समीक्षा नावाचा माल कपाटात लावत आलो आहे. इतकी प्रामाणिक समीक्षा फार कमी वेळा हातात आली.

लेक दर रविवारी फोन करायची. सर तिला हवापाणी विचारायचे. मंडळाबद्दल, परवान्याबद्दल, चिंचोक्याबद्दल त्यांनी तिला एक अक्षर सांगितलं नव्हतं. परीक्षा द्यायच्या आधी अभ्यासाचा गाजावाजा करणाऱ्यांबद्दल त्यांना कधीच आदर नव्हता. शेवटी ते माझ्याच तोंडून गेलं. तिनं दिवाळीला शुभेच्छांचा फोन केला आणि मी बोलून बसलो. तिनं एकेक गोष्ट दोनदा विचारून घेतली. मग म्हणाली, मार्चअखेर येते, दोन बाटल्या आणते.

एक बाटली ती शिकत होती त्या द्राक्षमळ्याच्या मालकिणीची होती, दुसरी तिनं स्वतः पहिल्यांदा केलेली. मालकीण सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघ्यांनी जेरीस आलेली. येत्या हंगामापासून तळघर आणि पिंपं सगळी तू सांभाळ, असं तिनं या मुलीला सांगितलं होतं. मुलीनं हो म्हटलं नव्हतं. परत आल्यावर उत्तर देते म्हणाली होती. बाबांना दोन्ही बाटल्या चाखवायच्या, ते काय म्हणतात ते ऐकायचं, आणि मग ठरवायचं, असं तिनं मला सांगितलं. मी तिला म्हटलं की तुझे वडील खरं बोलतील, एवढं लक्षात ठेव. ती म्हणाली, तेच तर. मंडळाला हे सगळं मीच सांगितलं.

तर ती मार्चअखेर नागपूरला उतरली. कस्टमवाल्यानं बाटल्यांकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. दोन देशांच्या सीमा अशा जांभई देत ओलांडता येतात. अडला तो जिल्हा.

गाडी भाऊंची होती. काटोल ओलांडलं आणि तिचा एसी बंद पडला. मार्चअखेरीचं आमच्याकडचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांनी तव्याजवळ तोंड नेऊन पाहावं. आम्ही माणसं कशीही तगलो असतो, पण वाइन उन्हानं उकडते आणि मग तिच्यात जॅमसारखा वास येतो, हे आता गाडीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, हीच अडचण. अडाणी असतो तर सुखानं प्रवास झाला असता. भाऊंनी डिकीतलं एक बारदान पाण्यानं भिजवून बाटल्यांना गुंडाळलं, सरांनी ते बाळासारखं मांडीवर घेतलं, आणि दर थोड्या वेळानं लेक त्यावर पाणी शिंपडत राहिली. सरांची पँट गुडघ्यापर्यंत ओली झाली. सरळ रस्त्यानं आलो असतो तर एव्हाना घरी असतो, असं भाऊ एकदा हळूच पुटपुटले. सर म्हणाले, घरी असतो, पण कसे आलो ते सांगता आलं नसतं.

वरूडच्या अलीकडेच सगळ्यांनी हात टेकले. शेंदूरजनाघाटला सरांची चुलत बहीण दिलेली आहे. त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे. ऊन उतरेपर्यंत तिथे थांबायचं ठरलं. आत्याबाईंनी भाचीला जवळ घेतलं, मग सरांच्या ओल्या मांडीवरून उतरलेल्या त्या गाठोड्याकडे पाहिलं.

"दादा, हे काय आणलं?"

सर खोटं बोलू शकत नाहीत. ते म्हणाले, द्राक्षाचा रस आहे. मग स्वतःच भर घातली, आंबवलेला.

"म्हणजे दारूच की व माय."

"दारूच," सर म्हणाले.

आत्याबाईंनी पदर खोचला. मग त्यांनी निकाल दिला की पिण्याच्या रांजणात नाही, पण अंगणात निंबाखाली हातपाय धुवायचा रांजण आहे, त्यात ठेवा. त्याचं पाणीही तेवढंच थंड असते. माणसाच्या घरात तत्त्व आणि पाहुणा एकत्र आले की दोघांची सोय लावणं याला मी संस्कृती म्हणतो. याच्यावर व्याख्यानमाला भरवलेली मी अनेकदा पाहिली आहे, पण असं उदाहरण तिथे ऐकलं नाही.

बाटल्या रांजणात गेल्या. आम्ही सावलीत बसलो. आत्याबाईंनी मृग बहाराची शेवटची राखून ठेवलेली संत्री सोलून दिली. रंग असा की फोटो काढावा. तोंडात टाकल्यावर मात्र काहीतरी अर्ध्यावर थांबत होतं. आत्याबाईंनी आम्ही विचारण्याआधीच सांगून टाकलं. गारपिटीची हूल उठली होती, पोरानं घाबरून घाईनं माल तोडला. गारा पडल्याच नाहीत. "रंग आला, पण गोडी झाडावरच राह्यली." भाऊ म्हणाले की आमच्याकडे कापसाचंही असंच होते. सरांनी आणखी एक फोड घेतली आणि सावकाश खाल्ली. लेक हातातल्या सालीचे तुकडे करत राहिली. ती प्रवासानं थकली असेल असं मला वाटलं.

ऊन कलल्यावर भाऊ बाटल्या काढायला गेले आणि रांजणावर वाकून तसेच उभे राहिले. पाण्यावर दोन कागद तरंगत होते. छोट्या मळ्यांत लेबलं घरीच खळीनं चिकटवतात. मालकिणीच्या लेबलावर चित्र होतं, लेकीच्या लेबलावर तिनं हातानं देवनागरीत वर्ष लिहिलेलं होतं. चित्र शाबूत होतं, वर्ष विरघळून गेलं होतं, आणि बाटल्या सारख्याच काचेच्या, सारख्याच बुचाच्या, अगदी जुळ्या बहिणी. वाइनच्या जगात ठिकठिकाणी मोठमोठे जाणकार असतील. बाटली हातपाय धुवायच्या रांजणात बुडवून तिचं नाव पुसून टाकण्याची चूक करायला मात्र वऱ्हाडातलंच मंडळ लागतं.

भाऊंचा चेहरा पडला. लेक म्हणाली की घोटभर चाखलं की मी ओळखीन, काळजी नको. पण सर खूश दिसत होते. त्या दिवसात पहिल्यांदाच.

"तू ओळखशील, पण सांगू नको," ते म्हणाले. "उत्तरपत्रिकेवर नाव नसलेलंच बरं."

दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी आधी एक काम करून ठेवलं होतं. त्या काचेच्या फ्रिजमधल्या त्यांच्या स्वतःच्या सगळ्या बाटल्या त्यांनी बाहेर काढून खाटेखाली सरकवल्या होत्या, या दोघींना निवांत जागा मिळावी म्हणून. एका कप्प्यात ठेवल्या असत्या तरी भागलं असतं. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, आणि खरं सांगायचं तर ते मला जरा गैरसोयीचं झालं. इतकी वर्षं त्यांच्यावर जमवलेले विनोद वाया गेले.

जेवायला ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत होतं. बाटल्या थोडा वेळ शांत राहू दिल्या. मग डॉक्टरांनी कुठलीही एक उघडून ओतली, आणि नंतर दुसरी. लेक सगळ्यांच्या पाठीमागे खिडकीजवळ बसली, तोंड दिसू नये म्हणून. तिनंही दोन्ही चाखल्या आणि पेले खाली ठेवले.

पहिलीबद्दल भाऊ म्हणाले, जांभूळ, आणि तेही उंच फांदीवरचं, पिकून काळं झालेलं. डॉक्टरांनी नाक बाहेर काढलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले की वडिलांच्या दवाखान्यात एक लाकडी कपाट होतं, ते उघडल्यावर असा वास यायचा. कपाट खाल्लं नसलं तरी वास रोजचा आहे म्हणून सरांनी ते चालवून घेतलं. दुसरी भाऊंना जास्त आवडली. ती सहज उतरत होती. डॉक्टरांनाही ती अधिक सुबक वाटली. मला विचारलं तेव्हा मी दुसरीकडे झुकलो. खरी गोष्ट अशी की दोन्हींतला फरक मला धड सांगता येत नव्हता, पण दोघांनी तिला मत दिलं होतं आणि मी लोकशाहीत वाढलो आहे.

मग सरांची पाळी आली. त्यांनी पहिलीचा घोट घेतला, भाकरीचा तुकडा खाल्ला, दुसरीचा घोट घेतला. परत पहिली, परत दुसरी. खोलीत फ्रिजची घरघर ऐकू येत होती. या माणसाला मी निकाल लावताना अनेकदा पाहिलं आहे. पेन हातात असलं की त्याच्या कपाळावर एक आठी पडते. ती पडली होती. आणि खिडकीजवळ बसलेल्या मुलीचं पुढचं वर्ष त्या आठीवर टांगलेलं आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी मनातल्या मनात म्हणालो, सर, आज एक गुण द्या. कुणाला कळणार आहे?

"पहिली पुरी पिकलेली हाय," सर म्हणाले. "दुसरी चांगली हाय. स्वच्छ हाय, नेटकी हाय, कुठं खाडाखोड नाही. पण फळ पिकायच्या आधी तोडलं. काल शेंदूरजन्याले संत्रं खाल्लं ना आपण, तसं. ज्यानं तोडलं त्याले भीती वाटली."

डॉक्टर घाईघाईनं म्हणाले की गाडीत ऊन लागलं असेल, प्रवासात वाइनचं असं होतं. सर म्हणाले की ऊन दोघींना सारखंच लागलं.

मग खिडकीजवळून आवाज आला.

"किती आधी तोडलं, बाबा?"

सरांनी मागे वळून पाहिलं नाही. "तेवढं नाही सांगता येणार मले. तीन-चार दिवस."

"आठवडा," ती म्हणाली. "ढग आले होते. मालकीण म्हणे थांब. मी नाही थांबली. पाऊस आलाच नाही."

भाऊंनी भरिताच्या वाटीकडे पाहिलं. डॉक्टरांनी चष्मा पुसायला काढला. सरांनी आता खुर्ची वळवून तिच्याकडे तोंड केलं. मला वाटलं, ते काहीतरी गोड बोलतील. त्यांनी प्रश्न विचारला.

"हे चाखूनच तुले जागा देऊन राहिली ती बाई?"

"हो."

"तिले हे समजलं नसंल?"

"समजलं ना. तिनं पण हेच सांगितलं. फक्त संत्रं नाही सांगितलं."

"मग मले कायले इचारलं?"

ती हसली. हसताना तिचे डोळे भरले होते, पण आवाज साफ होता.

"तुमीच म्हटलं होतं ना, मले त्यातलं समजत नाही म्हणून."

सर तिच्याकडे पाहत राहिले. आम्ही सगळे ज्याला मुलीची परीक्षा समजत होतो, ती कुणाची होती, हे त्यांना बहुधा आमच्या आधी कळलं. ज्या माणसानं साठी उलटल्यावर, जिभेला आयुष्यात न शिवलेली एक विद्या केवळ फोनवर लेकीशी हवापाण्यापलीकडचं बोलता यावं म्हणून शिकून घेतली, त्याला त्या दिवशी कुणीतरी पेपर तपासून परत दिला होता.

"थोडं थोडं समजते आता," ते म्हणाले. आणि त्यांनी दुसरी बाटली उचलून आपल्या पेल्यात ओतली. सर दोन घोटांपलीकडे कधी जात नाहीत. त्या दुपारी त्यांनी तिची वाइन भाकरीबरोबर शेवटपर्यंत प्यायली, सावकाश, जसं कच्च्या उत्तरातही काय काय बरोबर आहे ते शोधत वाचावं तसं. मधेच म्हणाले की ढग पाहून आपल्यालाही दम धरवला नसता. कृपागुणाच्या इतक्या जवळ गेलेलं मी त्यांना पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

लेकीनं मालकिणीला तिथूनच, डॉक्टरांच्या गच्चीवरून, फोन करून हो कळवलं. एक अटही घातली म्हणे, तोडणीच्या वेळी वडील तिथे असतील आणि किती थांबायचं ते तेही चाखून सांगतील. ही अट तिनं वडिलांना विचारून घातली नव्हती. सरांनी पासपोर्टसाठी अर्ज केला, आणि त्यात उद्देश या रकान्यात काय लिहावं यावर आम्ही दोन बैठका घालवल्या. मग तसा रकानाच नाही असं लक्षात आलं.

सप्टेंबरात त्यांना नागपूरला सोडायला भाऊ आणि मी गेलो. सरळ रस्त्यानं गेलो, वर्धा जिल्ह्यातून, काचा उघड्या टाकून, कारण गाडीत तिळाचे लाडू होते, आणि आत्याबाईंनी दिलेल्या लिंबाच्या लोणच्यापलीकडे काही आंबलेलं नव्हतं. विमानतळाच्या दारात सरांनी मागे वळून भाऊंना सांगितलं, मी परत आलो की काटोलवरून जायचं आहे, तेवढा एसी पाहून ठेव. भाऊंनी तो केव्हाच दुरुस्त करून घेतला होता. तरी एक बारदान त्यांनी डिकीत ठेवलेलं मी पाहिलं, धुऊन, घडी घालून.